घटस्फोटानंतर दोघांच्या नावावरच्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स: वजावट कोण घेणार?

प्रश्न न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात मांडते. सप्टेंबर २०२५ मध्ये घटस्फोट फायनल झाला, घर अजून दोघांच्या नावावर आहे, मुलीची हायस्कूल संपेपर्यंत ताई आणि मुलगी तिथेच राहणार आणि मॉर्गेज, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स सगळं ताईंनी भरायचं असं सेटलमेंट ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय. ऑगस्टपर्यंत हप्ता जॉइंट अकाउंटमधून जायचा, सप्टेंबरपासून ताईंच्या अकाउंटमधून जातो. आता जर्सी सिटीला राहणारे एक्स म्हणतात, घर अर्धं माझं आहे तर टॅक्सची अर्धी वजावट पण माझी, माझा सीपीए (टॅक्सचं काम बघणारा अकाउंटंट) तसंच सांगतो. त्यात १०९८ फॉर्म (वर्षभरात भरलेल्या मॉर्गेज व्याजाचा बँकेचा कागद) त्यांच्याच सोशल सिक्युरिटी नंबरवर येतो. ताई विचारतात, पैसे मी भरते मग वजावट त्यांना का?

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं टॅक्सचंच काम करते आणि दर फेब्रुवारीत हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात समोर येतोच. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ॲग्रीमेंट फक्त पैसे कोणी भरायचे ते ठरवतं, वजावट कोणाला मिळणार ते नाही ठरवत. वजावटीसाठी आयआरएस, म्हणजे फेडरल टॅक्स खातं, तीन गोष्टी बघतं, डीडवर (घराच्या मालकीच्या दस्तावर) नाव कोणाचं आणि कुठल्या प्रकारच्या मालकीने, पैसे खरोखर कोणाच्या खिशातून गेले, आणि ते टाउनशिपकडे कुठल्या तारखेला पोचले. तुमच्या वकिलांनी ॲग्रीमेंटमध्ये "टॅक्सची वजावट पत्नी घेईल" असं वाक्य टाकलं असेल तर ते तुम्हा दोघांमध्ये बंधनकारक आहे, ते मोडलं म्हणून तुम्ही फॅमिली कोर्टात जाऊ शकता, पण आयआरएस त्या करारात पार्टी नव्हतं त्यामुळे त्यांना त्याचं काही देणंघेणं नाही.

आता मालकीचा प्रकार, कारण सगळी गुंतागुंत इथेच आहे आणि वकील लोक हे क्लायंटला नीट समजावून सांगत नाहीत. न्यू जर्सीत नवराबायकोने मिळून घर घेतलं की ते बहुतेक वेळा "टेनन्सी बाय द एन्टायरटी" असतं, म्हणजे दोघंही पूर्ण घराचे मालक. घटस्फोट फायनल झाला की ती मालकी आपोआप "टेनन्ट्स इन कॉमन" होते, कुठे सही नाही, नवीन डीड नाही, जजने सही केली त्या दिवसापासून प्रत्येकाचा वेगळा वेगळा हिस्सा, दुसरं काही ठरलं नसेल तर निम्मा निम्मा. आयआरएसच्या पब्लिकेशन ५०४ मध्ये, म्हणजे घटस्फोटितांसाठीचं जे माहितीपुस्तक आहे त्यात, कोर्टाच्या आदेशाने एकानेच खर्च भरायचा असेल त्या केसचा तक्ता आहे. घर एन्टायरटी किंवा जॉइंट टेनन्सीत (तीही एकत्र मालकीच, पुढे सांगते) असेल तर प्रॉपर्टी टॅक्स भरणाऱ्याला पूर्ण वजावट, टेनन्ट्स इन कॉमन असेल तर भरणाऱ्याला अर्धीच. म्हणजे तोच माणूस, तेच घर, तोच चेक, ऑगस्टमध्ये एक नियम आणि नोव्हेंबरमध्ये दुसरा.

मग उरलेली अर्धी कुठे जाते? पूर्वी ती ॲलिमनी, म्हणजे पोटगी, धरली जायची, भरणाऱ्याला ॲलिमनीची वजावट मिळायची, समोरच्याच्या उत्पन्नात ती धरली जायची, एकूण हिशोब जुळायचा. पण २०१८ च्या शेवटानंतर झालेल्या घटस्फोटांसाठी ॲलिमनीची वजावटच गेली आणि हा तक्ता एका पायावर लंगडत उभा राहिला. तुम्ही भरलेला अर्धा भाग "त्याच्या वतीने" भरला असं धरलं तर तुम्हाला त्याची ॲलिमनी वजावट नाही, टॅक्सची पण नाही. एक्सचे सीपीए जे म्हणतायत ते याच धाग्यावरून, की माझ्या हिश्श्याचा टॅक्स माझ्या वतीने भरला गेला म्हणजे तो मीच भरल्यासारखा. अगदीच हवेतली गोष्ट नाहीये ती, ताई, राग येणं साहजिक आहे पण त्या माणसाला लबाड म्हणू नका. दुसऱ्या बाजूने, सहमालकाने पूर्ण टॅक्स भरला नाही तर लीन, म्हणजे थकबाकीचा बोजा, पूर्ण घरावर बसतो, टाउनशिप अर्ध्या घराचा टॅक्स सेल (थकलेल्या टॅक्सच्या वसुलीचा लिलाव) करत नाही, त्यामुळे स्वतःचा हक्क वाचवायला पूर्ण भरला असं दाखवता आलं तर टॅक्स कोर्टाने भरणाऱ्या सहमालकाला पूर्ण वजावट दिल्याची उदाहरणं आहेत. हा मुद्दा मांडता येतो, पण तो प्रत्येक केसच्या कागदांवर अवलंबून आहे, आणि ॲग्रीमेंटमध्ये "भरायचं तुम्हीच" असं लिहिलेलं असल्यावर जास्त सावध राहावं लागतं.

आता तुमचे आकडे घेऊन बघू, कारण नुसत्या नियमांनी डोकं दुखतं. तुम्ही लिहिलंय वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स १४,००० डॉलर, मॉर्गेजचं व्याज ११,०००, तुमचा पगार १,२०,००० आणि स्टेट टॅक्स साधारण ४,००० कापला गेला. न्यू जर्सीत टॅक्स चार हप्त्यांत जातो, १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. सोपं जावं म्हणून प्रत्येक हप्ता ३,५०० धरते. तुमचं एस्क्रो आहे (टॅक्सचे पैसे हप्त्याबरोबर बँकेकडे जमा होतात आणि बँक ते टाउनशिपला भरते) तेव्हा बँकेला दर महिन्याला तुम्ही काय दिलं त्याला वजावटीत अर्थ नाही, बँकेने टाउनशिपला ज्या दिवशी पाठवले तो दिवस मोजायचा. फेब्रुवारी ते ऑगस्टचे तीन हप्ते, १०,५००, जॉइंट अकाउंटच्या पैशातून गेले, दोघांचा समान हक्क होता म्हणून ५,२५० तुमचे, ५,२५० त्यांचे. यावर भांडू नका, हा भाग स्वच्छ आहे. नोव्हेंबरचे ३,५०० घटस्फोटानंतरचे. सावध हिशोबाने १,७५० तुमचे, ठाम भूमिका घेतली तर पूर्ण ३,५००. (एस्क्रोमध्ये सप्टेंबरच्या आधीचे जॉइंटचे काही डॉलर शिल्लक होते वगैरे कीस काढता येतो, पण त्याने आकडा फार हलत नाही.)

व्याजाचं पण तसंच, जानेवारी ते ऑगस्ट ७,४००, त्यातले ३,७०० तुमचे. सप्टेंबरपासूनचं ३,६०० तुमच्या अकाउंटमधून गेलंय आणि कर्जावर तुमची सही आहे, त्यामुळे इथे तुमची बाजू टॅक्सपेक्षा मजबूत आहे.

तर सगळं तुमच्या बाजूने धरून बेरीज करा. टॅक्स ८,७५०, स्टेट टॅक्स ४,०००, व्याज ७,३००. झाले २०,०५०. आणि मुलगी तुमच्याकडे राहते, घरखर्च निम्म्याहून जास्त तुमचा, ३१ डिसेंबरला तुम्ही घटस्फोटित होतात, म्हणजे तुमचं स्टेटस हेड ऑफ हाउसहोल्ड, त्याचं २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च एकेक दाखवून (आयटमाइझ करून) घ्यायच्या वजावटीऐवजी मिळणारी सरसकट रक्कम, २३,६२५. म्हणजे काहीही न करता तुम्हाला जास्त मिळतं! फेडरल रिटर्नपुरतं बोलायचं तर २०२५ साली हा सगळा वाद तुमच्यासाठी शून्य डॉलरचा आहे, देवळाला आणि मराठी मंडळाला दिलेली देणगी त्यात घातली तरी.

एक्सचं मात्र वेगळं आहे. ते सिंगल, स्टँडर्ड १५,७५०. पगार तुम्ही १,८०,००० च्या आसपास लिहिलाय म्हणजे स्टेट टॅक्सच ९,००० च्या वर, त्यात निर्विवाद ५,२५० आणि ३,७०० घातले की ते स्टँडर्डच्या वर जातात, त्यामुळे प्रत्येक जास्तीच्या डॉलरवर त्यांना २४ टक्के वाचतात. नोव्हेंबरच्या अर्ध्या हप्त्याचे १,७५० त्यांनी घेतले तर त्यांना ४२० डॉलर मिळतील. इतकंच आहे ते. त्या ४२० साठी तुम्ही वकिलाला एक ईमेल लिहायला लावला तर बिल त्याच्यापेक्षा मोठं येईल. माझा सल्ला असा की २०२५ पुरतं तुम्ही स्टँडर्ड घ्या, त्यांनी काय क्लेम केलं ते त्यांचं आणि त्यांच्या सीपीएचं, तुम्ही त्याला लेखी मान्यता द्यायची गरज नाही आणि विरोध करायची पण नाही. एकच डॉलर दोघांनी क्लेम केला असं तर होतच नाहीये. फक्त "पुढच्या वर्षापासून टॅक्स आणि व्याज मी भरते आणि मीच घेणार" अशी एक साधी ईमेल आत्ताच करून ठेवा.

कारण खरी गोष्ट २०२६ पासून सुरू होते. खूप लोकांच्या डोक्यात अजून जुना १०,००० चा सॉल्ट कॅप बसलाय, म्हणजे स्टेट टॅक्स अधिक प्रॉपर्टी टॅक्स मिळून १०,००० च्या वर वजावट नाही, आणि गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहून जे टॅक्सचे सल्ले मिळतात ते सगळे त्याच काळातले असतात, "अगं आपल्याला आयटमाइझ करून काही मिळत नाही". २०१८ ते २०२४ ते बरोबर होतं. जुलै २०२५ च्या कायद्याने तो कॅप २०२५ साठी ४०,००० केला, २०२६ साठी ४०,४०० आहे, सिंगल असो की हेड ऑफ हाउसहोल्ड सगळ्यांना तोच, ५ लाखांच्या वर उत्पन्न गेलं तर तो कमी होत जातो, आणि २०३० मध्ये परत १०,००० वर येणार. न्यू जर्सीतल्या एकट्या पालकासाठी या चारपाच वर्षांचीच ही खिडकी आहे.

२०२६ चं गणित: टॅक्स पूर्ण १४,०००, स्टेट ४,०००, व्याज ११,००० च्या आसपास, बेरीज २९,०००. हेड ऑफ हाउसहोल्डचं स्टँडर्ड २४,१५०. म्हणजे ४,८५० जास्त, तुम्ही २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये आहात तेव्हा हजार डॉलरच्या थोडं वर. पण प्रॉपर्टी टॅक्स अर्धाच घेता आला, ७,०००, तर व्याज पूर्ण धरूनही बेरीज २२,००० होते आणि तुम्ही परत स्टँडर्डवर येता. म्हणजे तेलही गेलं तूपही गेलं, भरलेत पूर्ण १४,००० आणि रिटर्नवर त्याचा काही उपयोग नाही. तुमच्या केसमध्ये सगळा खेळ मालकीच्या या एका मुद्द्यावर आहे.

यात स्टेटचं रिटर्न विसरू नका, तिथे स्टँडर्ड डिडक्शनचा संबंध नाही. न्यू जर्सी आपल्या राहत्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सची वेगळी वजावट देतं, जास्तीत जास्त १५,०००. पण नवराबायको सोडून दुसऱ्या कुणाबरोबर घराची मालकी असेल तर तुमच्या मालकीच्या टक्क्याइतकाच टॅक्स धरायचा, तुम्ही पूर्ण भरला असला तरी. एक्स आता तुमचे नवरा नाहीत, म्हणजे अर्धाच. आणि एक्सना बाहेर पडल्यानंतरच्या काळाचं यातलं काही मिळत नाही कारण ते त्यांचं राहतं घर नाही. तुमच्या स्लॅबला ७,००० च्या फरकाचे साधारण ३८७ डॉलर होतात. फेडरलचे हजार आणि हे मिळून वर्षाला साधारण साडेचौदाशे डॉलर, फक्त डीडवर कोणाची नावं आहेत यावरून.

मग यावर उपाय काय. काही वकील सुचवतात की घर जॉइंट टेनन्सीत करून घ्या, मग भरणाऱ्याला पूर्ण वजावट. फेडरलपुरतं ते खरंय, पण जॉइंट टेनन्सीत एक गेला की दुसऱ्याला पूर्ण घर मिळतं, तुम्हाला काही झालं तर तुमचा हिस्सा मुलीला न जाता एक्सकडे जाईल. हजार डॉलरसाठी एवढं? मी तरी सांगणार नाही.

स्वच्छ रस्ता म्हणजे त्यांचा हिस्सा विकत घेणं, किंवा सेटलमेंटमधल्या दुसऱ्या कशाच्या, ४०१केच्या (नोकरीतल्या रिटायरमेंट खात्याच्या) किंवा सेव्हिंग्जच्या बदल्यात घर तुमच्या एकटीच्या नावावर करून घेणं. घटस्फोटाच्या संदर्भात एकाकडून दुसऱ्याकडे असं ट्रान्सफर झालं तर त्यावर इन्कम टॅक्स लागत नाही. क्विटक्लेम डीड (आपला हिस्सा सोडून देण्याचा दस्त) करून ते काउंटी क्लार्ककडे रेकॉर्ड झालं की त्या दिवसापासून तुम्ही भरलेला सगळा प्रॉपर्टी टॅक्स पूर्ण तुमचा, फेडरलला पण आणि जर्सीला पण. लोक घाबरतात की मॉर्गेजवर एक्सचं नाव आहे, डीड बदललं तर बँक पूर्ण कर्ज मागेल. घटस्फोटाच्या आदेशाने घर त्यात राहणाऱ्या जोडीदाराकडे गेलं तर १९८२ च्या फेडरल कायद्याने बँकेला तसं करता येत नाही. फक्त कर्जातून त्यांचं नाव जात नाही, त्याला रिफायनान्सच लागतो, आणि साडेतीन टक्क्यांचं जुनं कर्ज मोडून आजच्या दराने घेणं परवडतं का ते बघावं लागेल. एक्स याच कारणाने सही करायला नाही म्हणतात बरेचदा, त्यांना दुसरं घर घ्यायचं असतं आणि क्रेडिट रिपोर्टवर हे कर्ज दिसत राहतं. ते पण खोटं नाही.

अजून एक बारीक गोष्ट, घटस्फोटाच्या आदेशानंतर ९० दिवसांत डीड रेकॉर्ड झालं तर न्यू जर्सीची रिअल्टी ट्रान्सफर फी (घर दुसऱ्याच्या नावावर करताना लागणारी फी) माफ असते. तुमचे ते दिवस डिसेंबरमध्येच संपले. दुसरी सूट लागू होते का ते वकिलाला नक्की विचारा, आणि हे वाचणाऱ्या ज्यांचा घटस्फोट व्हायचाय त्यांनी ही तारीख कॅलेंडरमध्ये आत्ताच घाला.

डीड बदलणं जमत नसेल तर निदान एवढं करा. ॲग्रीमेंटला एक छोटी दुरुस्ती, की राहणारी सहमालक म्हणून घरावरचा आपला हक्क सांभाळायला पूर्ण टॅक्स ताई भरतील, तो त्यांच्याच पैशातून असेल, एक्सकडून त्याची अर्धी भरपाई मागणार नाहीत, आणि एक्स तो टॅक्स आपल्या रिटर्नवर घेणार नाहीत. आयआरएस याने बांधलं जात नाही हे वर सांगितलंच, पण वर जो टॅक्स कोर्टाचा मुद्दा सांगितला त्याला हा कागद उपयोगी पडतो, आणि दोघांचे रिटर्न एकमेकांविरुद्ध जात नाहीत. जर्सीच्या रिटर्नवर मात्र अर्धाच घ्या.

१०९८ त्यांच्या नंबरवर आला म्हणून घाबरू नका. तो फॉर्म बँक पहिल्या कर्जदाराच्या नावाने काढते, त्याने हक्क ठरत नाही. तुम्ही व्याज घ्याल त्या वर्षी रिटर्नबरोबर कोणी किती भरलं आणि फॉर्म कोणाच्या नावावर आला याचं छोटं स्टेटमेंट जोडायचं. प्रॉपर्टी टॅक्सचा आकडा १०९८ च्या बॉक्स १० मध्ये कधी असतो कधी नसतो, त्यावर विसंबू नका, टाउनशिपच्या टॅक्स कलेक्टरच्या साइटवर तुमचा ब्लॉक आणि लॉट नंबर टाकला की चारही हप्ते तारखांसकट दिसतात, त्याची प्रिंट काढून ठेवा. कुठे कचऱ्याची, पाण्याची, सुएजची वेगळी फी आकारली असेल तर ती वगळायची, एचओए (सोसायटीची वर्गणी) पण वजावटीत नाही, नवीन फुटपाथसाठी लावलेला स्पेशल असेसमेंट पण नाही.

कॉमेंटमध्ये कुणी विचारण्याआधी, ज्यांचा घटस्फोट ३१ डिसेंबरपर्यंत फायनल झाला नाही त्यांचं गणित वेगळं. ते त्या वर्षी विवाहितच, वेगवेगळे रिटर्न भरले तर २०२५ चा सॉल्ट कॅप प्रत्येकी २०,०००, आणि एकाने आयटमाइझ केलं की दुसऱ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, शून्य. यातून सुटका एकच, मूल तुमच्याकडे असेल, शेवटचे सहा महिने नवराबायको एका घरात राहिले नसाल आणि घरखर्च निम्म्याहून जास्त तुमचा असेल तर तुम्ही हेड ऑफ हाउसहोल्ड होऊ शकता, मग समोरच्याने काही केलं तरी तुमचं स्टँडर्ड शाबूत. कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टनवाल्यांनी हे सगळं जसंच्या तसं घेऊ नका, तिथे कम्युनिटी प्रॉपर्टीचे (लग्नानंतरची कमाई दोघांची समान धरण्याचे) नियम आहेत, विशेषतः घटस्फोटाआधीच्या महिन्यांसाठी.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलेलं, पुण्यातला दोघांच्या नावावरचा फ्लॅट. त्याचा महापालिकेचा मिळकतकर इकडच्या रिटर्नवर वैयक्तिक वजावट म्हणून चालत नाही, २०१८ पासून परदेशातल्या घराचा टॅक्स बंद आहे आणि नवीन कायद्याने पण तो उघडला नाही. फ्लॅट भाड्याने दिलाय असं तुम्ही लिहिलंय, मग तो शेड्युल ई वर भाड्याच्या खर्चात येतो, तुमच्या हिश्श्याचं भाडं दाखवायचं आणि तुमच्या हिश्श्याचा तुम्ही भरलेला मिळकतकर त्यातून वजा, तिथे सॉल्ट कॅपचा प्रश्नच नाही. भारतातल्या रिटर्नवर पण तो त्या वर्षी प्रत्यक्ष भरला असेल तरच भाड्यातून वजा होतो. तेव्हा पावती कोणाच्या नावाने निघते यापेक्षा कोणाच्या खात्यातून भरला ते बघा, आणि दोघांनी आळीपाळीने भरायचं ठरवलं असेल तर ते आधी बंद करा, दरवर्षी आपापला अर्धा आपापल्या खात्यातून भरा.